ऐब असलेली जुनी गाडी : सौदा करावा की सोडावा?

जुन्या गाड्यांच्या बाजारात सात आसनी डिझेल गाडी पाहायला जाणाऱ्याला हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. 'गाडी एकदम चोख आहे, फक्त इंजिनचे थोडे काम आहे.' भाव बाजारापेक्षा लाख-सव्वा लाखाने कमी सांगितलेला असतो. घरात आई-वडील आणि मुले-सुना धरून सात-आठ माणसे. लग्नकार्य, जियारत, हजला निघालेल्या नातलगाला विमानतळावर पोहोचविणे, या सगळ्याला मोठी गाडी लागते. नवी गाडी आवाक्याबाहेर आहे, व्याजाने कर्ज घ्यायचे नाही असा निश्चय आहे आणि हातातली रोख रक्कम मोजकी आहे. अशा माणसाला हे वाक्य मोहात पाडते. या मोहाचा हिशेब नीट कसा करावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आम्हा कापडवाल्यांना ऐबदार मालाची भीती नाही. फ्रेश माल वेगळा, सेकंड वेगळा, फेंट वेगळे आणि चिंधी वेगळी. प्रत्येकाचा भाव वेगळा आणि गिऱ्हाईकही वेगळे. तार तुटलेल्या किंवा तेलाचा डाग पडलेल्या ताक्याचा सौदा भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत रोज होतो आणि देणारा-घेणारा दोघेही समाधानाने घरी जातात. भांडण होते ते सेकंडचा ताका फ्रेशच्या घडीत घालून विकला जातो तेव्हा. गाडीच्या बाबतीतही असेच आहे. ऐब असलेली गाडी घेणे ही मूर्खपणाची गोष्ट नाही. ऐब कोणता, तो दुरुस्त करायला किती लागेल आणि तो सौद्यात कोणी व कसा बोलून दाखविला, हे न ठरविता घेणे मात्र घातक आहे.

'इंजिनचे थोडे काम' या तीन शब्दांत दहा वेगवेगळे आजार लपू शकतात. इंजेक्टरमधून गळती असेल तर तो एका भावाचा आजार. टर्बो तेल पीत असेल तर दुसऱ्या भावाचा. हेड गॅसकेट गेले असेल तर हेड उतरविल्याशिवाय खरा आकडा कोणीच सांगू शकत नाही. हेड वाकले आहे का, त्याला चीर आहे का, हे उघडल्यावरच कळते. पिस्टनच्या रिंगा झिजून 'बॅक कॉम्प्रेशन' मारत असेल तर पूर्ण इंजिन काढणे आले. म्हणून विक्रेत्याने 'थोडे काम' म्हटले की पहिला प्रश्न असा विचारावा की काम कोणते, कोणत्या मिस्त्रीने पाहिले आणि त्याने लेखी अंदाज दिला आहे काय. लेखी अंदाज नसेल तर तो ऐब अजून सांगितलेलाच नाही, असे समजावे.

आता एका विशिष्ट आजाराविषयी सविस्तर लिहितो, कारण पुढची काही वर्षे आपल्या बाजारात तो फार दिसणार आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे धुराचे नवे मानक लागू झाले. त्यानंतरच्या मोठ्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडविणारी एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ती रचना असते. इंजिनमधून येणारी काजळी तिच्यात अडकते. गाळणी भरत आली की गाडीचा संगणक थोडे जास्तीचे डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. या जळण्याला पंधरा-वीस मिनिटे अखंड धाव लागते. महामार्गावर चालणाऱ्या गाडीत हे काम चालकाला कळतही नाही.

अडचण शहरातल्या गाडीची आहे. घरातून दुकान, दुकानातून शाळा, शाळेतून बाजार. दोन-तीन किलोमीटर गेले की किल्ली बंद. गाळणी स्वतःला साफ करायला सुरुवात करते आणि मध्येच इंजिन बंद होते. असे वारंवार झाले की काजळी साचते, दिवा लागतो आणि शेवटी गाडीची ताकद संगणकच कमी करून टाकतो. कसाऱ्याच्या घाटात घरची मंडळी बसलेली असताना गाडीने पिकअप सोडला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. काजळी जाळण्यासाठी सोडलेले पण न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते आणि मग क्रँकचे बेअरिंग व टर्बो झिजू लागतात. म्हणजे तक्रार गाळणीची दिसते, पण खर्च इंजिनपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

म्हणून या जातीच्या गाडीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवावी. कमी किलोमीटर म्हणजे चांगली गाडी, हा आपला जुना हिशेब येथे लागू पडेलच असे नाही. पाच वर्षांत तीस हजार किलोमीटर, तेही सगळे गल्लीबोळात, अशा गाडीपेक्षा नाशिक-मुंबई करून लाखाच्या पुढे गेलेली गाडी निरोगी निघू शकते.

तपासणीला काही महागडी साधने लागत नाहीत. गाडी पाहायला कळवून जावे, पण इंजिन थंड असले पाहिजे अशी अट घालावी. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवावा. गरम लागले तर चहा घेऊन परत यावे किंवा दुसऱ्या दिवशी जावे. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर वर सांगितलेला रोग आत शिरला आहे. इंजिन सुरू असताना ऑइलचे झाकण काढून पाहावे. तेथून जोराने धुराचे लोट येत असतील तर रिंगांचे काम आहे. झाकणाच्या आत दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये गेल्याचा संशय धरावा. धूर निळा म्हणजे ऑइल जळते आहे. गरम इंजिनचा पांढरा, न विरणारा धूर कूलंट जळत असल्याचे लक्षण आहे. आणि गाळणी असलेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. गाळणी शाबूत असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघते. काळेकुट्ट निघाले तर गाळणी फुटलेली आहे किंवा कोणीतरी काढून टाकली आहे.

काढून टाकण्याचा हा धंदा जोरात आहे. गाळणी आतून फोडून टाकायची, संगणकाला नवा पाठ शिकवायचा आणि 'आता कधी दिवा लागणार नाही' असे सांगायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल मालकाला दंड व कैद अशी तरतूद आहे. ज्याने बदल केला तो निघून गेलेला असतो, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला उत्तर द्यावे लागते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्कॅनर असलेला मिस्त्री सोबत न्यावा. त्याची मजुरी स्वतः द्यावी, विक्रेत्याने आणलेला मिस्त्री नको. स्कॅनरवर गाळणीत काजळी किती भरली आहे, शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली आणि दोषांची नोंद कधी पुसली, हे बहुतेक गाड्यांत दिसते. कालच नोंद पुसलेली असेल तर पुसणाऱ्याला काय लपवायचे होते ते विचारावे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी क्रमांकावरून सर्व्हिसचा इतिहास पाहावा आणि त्या गाडीसाठी कंपनीने कधी माल परत बोलावला होता काय आणि ते काम झाले काय, हेही विचारावे. कधी ऐब खुद्द कारखान्याचा असतो. २०१३ च्या जुलैमध्ये जनरल मोटर्सने २००५ ते २०१३ या काळातील १,१४,००० टवेरा गाड्या धुराच्या व इतर मानकांच्या कारणावरून परत बोलावल्या होत्या. त्या गाड्या विकत घेणाऱ्या हजारो कुटुंबांचा त्यात काही दोष नव्हता.

आता प्रश्न भावाचा. ऐबामुळे किंमत किती उतरावी? या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात गेली काही वर्षे एक मोठा खटला चालला, तो आपल्या व्यापाऱ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. तेथे ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकल्या गेलेल्या टोयोटाच्या २,६४,१७० डिझेल गाड्यांविषयी तो होता. त्यांत हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो अशा तीन गाड्या होत्या. तक्रार नेमकी याच गाळणीची होती. सतत वेगाने चालविल्यावर ती नीट साफ होत नव्हती, पांढरा धूर आणि दुर्गंधी येत होती. (हा निवाडा तेथे विकलेल्या गाड्यांपुरता आहे, आपल्याकडच्या त्याच नावाच्या गाड्यांना तो लावू नये.) एप्रिल २०२२ मध्ये तेथील फेडरल कोर्टाने ठरविले की या ऐबामुळे गाडीची किंमत खरेदीच्या वेळीच १७.५ टक्क्यांनी कमी होती. अपिलात २०२३ साली हा आकडा १० टक्क्यांवर आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिशेब पुन्हा करायला सांगितला. नुकसान खरेदीच्या दिवसाचे मोजायचे, पण पुढे इलाज उपलब्ध झाला ही नंतर कळलेली गोष्टही त्यात धरायची, असा त्याचा रोख आहे.

फिकहच्या किताबांत या हिशेबाला नाव आहे. चांगल्या मालाची किंमत आणि ऐबदार मालाची किंमत यांतील तफावत म्हणजे 'अर्श' किंवा 'नुकसान'. हनफी मसलकात ऐब नंतर उघडकीस आला तर खरीददाराने माल परत करावा किंवा ठरलेल्या पूर्ण किमतीत ठेवून घ्यावा, हा मूळ नियम. पण त्याच्या ताब्यात असताना मालात आणखी नवा दोष निर्माण झाला आणि माल परत करणे अशक्य झाले, तर ही तफावत मागता येते. न्यायाधीशांनी आज टक्केवारी लावली ती आपल्या फुकहांनी शेकडो वर्षांपूर्वी जनावरे, कापड आणि धान्य यांच्या सौद्यांत लावली होती.

आपल्या गल्लीतल्या सौद्यात हा हिशेब असा करावा. समजा, त्याच वर्षाची निरोगी गाडी १२ लाखांना मिळते. मिस्त्रीने हेडच्या कामाचा अंदाज १,६०,००० दिला. विक्रेता म्हणतो, 'तेवढे कापून १०,४०,००० द्या, हिशेब साफ.' पण हिशेब साफ नाही. हेड उघडल्यावर आकडा वाढण्याचा धोका आता तुमच्या डोक्यावर आला, त्याचे निदान ८०,००० धरावेत. गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहील, त्या काळात भाड्याच्या गाडीचे २०,००० धरावेत. म्हणजे तुमचा भाव ९,४०,००० झाला. त्यावर, ज्याचे इंजिन एकदा उघडले आहे त्या गाडीला पुढे विकताना भाव कमी येतो, तोही थोडा धरावा. विक्रेता एवढे खाली यायला तयार नसेल तर त्याने स्वतः काम करून घ्यावे आणि बिलासह निरोगी गाडीच्या भावाने विकावी. तो यालाही नकार देत असेल, तर काम १,६०,००० मध्ये होणार नाही हे त्याला माहीत आहे असा अर्थ काढायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलून नव्या गाड्यांच्या किमती खाली आल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र अनेकदा त्याआधीच्या किमतीवरून टक्के काढत बसतो. नव्या गाडीचा आजचा भाव हातात ठेवूनच बोलणी करावीत.

आता बोलण्याविषयी. आपला देशाचा कायदा या बाबतीत खरीददाराला फारसा आधार देत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचा पाया असा की खरीददाराने आपले डोळे उघडे ठेवावेत. ज्या दोषाची तपासणी करता आली असती, त्याची तक्रार नंतर ऐकली जाणे कठीण. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये तर घोड्याचे उदाहरणच दिले आहे. मालकाला घोडा आजारी असल्याचे माहीत आहे, तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही, तर कायद्याने ती फसवणूक नव्हे. पण त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे आणि ते प्रत्येक खरीददाराने पाठ करावे. घेणारा म्हणतो की तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा निरोगी समजेन, आणि विकणारा गप्प राहतो. तेव्हा त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

म्हणजे एका वाक्यात काम होते. बयाणा देण्यापूर्वी मोबाइलवर लेखी संदेश पाठवावा : 'भाईसाहेब, आपण हेड गॅसकेटचे काम सांगितले आहे. त्याशिवाय इंजिन, टर्बो, गिअरबॉक्समध्ये आपल्या माहितीत दुसरा ऐब असल्यास कळवावे. आपण काही न कळविल्यास नाही असे समजून मी सौदा करीत आहे.' खरा माणूस यावर रागावत नाही. बयाण्याच्या पावतीवर हेही लिहून घ्यावे की सांगितल्यापेक्षा मोठा दोष निघाल्यास बयाणा परत मिळेल. आपल्याकडे टोकन बुडविण्याची जी रीत पडली आहे तिला बहुसंख्य इमामांची मान्यता नाही, हे विक्रेत्यानेही ध्यानात घ्यावे.

शरियतने याच कामासाठी 'खियार-ए-शर्त' ठेवला आहे. सौदा झाला, पण ठरलेल्या दिवसांत तो मोडण्याचा अधिकार राहील अशी अट. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत आहे. गाळणीच्या ऐबासाठी तीन दिवस पुरेसे आहेत. एक दिवस शहरात चालवावी, एक दिवस महामार्गावर दीड-दोनशे किलोमीटर न्यावी, तिसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅनर लावावा. डिझेल तुमचे, अपघाताची जबाबदारी तुमची, हेही आधीच बोलून घ्यावे.

विकणाऱ्याचा प्रश्न याहून मोठा आहे. आज घेणारा चार वर्षांनी विकणारा होतोच. कायदा गप्प बसण्याला फसवणूक म्हणत नाही, पण दीन म्हणतो. मदीनेच्या बाजारात आदरणीय प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण (स.) विचारले आणि धोका देणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. पाऊस पाडणे त्या माणसाच्या हाती नव्हते. ढीग कसा रचायचा हे मात्र त्याच्या हाती होते. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन धुऊन, गरम करून, दोषांची नोंद पुसून ठेवणे ही तीच ढीग रचण्याची गोष्ट आहे.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांनी आपले भागीदार हफ्स बिन अब्दुर्रहमान यांच्याकडे माल पाठविला आणि त्यातील एका कापडात ऐब आहे, तो सांगून विका, असे कळविले. भागीदार सांगायला विसरले आणि कोणाला विकले तेही आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम खैरात करून टाकली. येथे लपविण्याचा हेतूही नव्हता, केवळ विसर होता, हे लक्षात घ्यावे.

काही जण विचारतात की 'जशी आहे तशी' असे लिहून दिले तर विकणारा मोकळा होतो काय? हनफी फिकहमध्ये सर्व ऐबांपासून मुक्त राहण्याची अट घालता येते आणि खरीददाराने ती मान्य केली तर परत करण्याचा हक्क उरत नाही. पण माहीत असलेला ऐब लपविण्याचा गुन्हा त्या कागदाने धुतला जात नाही. शाफई मसलकात ही सूटसुद्धा फार अरुंद आहे. कोकणातील बंधूंनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

शेवटी कागदांविषयी थोडे. नमुना २९ व ३० वर सही झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते, घेणाऱ्याला ३० दिवस आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, म्हणून नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असली पाहिजे. विमा आपल्या नावावर करून घ्यावा, पण विम्यातून इंजिन दुरुस्त होईल या भ्रमात राहू नये. साधारण मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. गाडी विकणाऱ्या दुकानदाराकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येते, खासगी मालकाकडून घेतली तर ती वाट बहुधा बंद असते. फर्मच्या नावावर सात आसनी गाडी घेतल्यास जीएसटीचा परतावा मिळत नाही. त्यावर घसारा घेतला असेल आणि पुढे ती विकली, तर पुस्तकी किमतीपेक्षा जास्त आलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तोटा आला तर काही नाही. इंजिनच्या कामाची सगळी बिले त्याच फाइलमध्ये लावून ठेवावीत. पुढच्या खरीददाराला दाखवायला ती लागतील.